अण्णा, तुझे रुंद टायर मी परत पाठवले

अण्णा,

तुझे टायर आले. तुझे दिवस घालून आम्ही अजून धड बसलोही नव्हतो, तोवर ट्रान्सपोर्ट ऑफिसातून फोन आला. फोन वैनीनं घेतला. तिकडचा माणूस नवा असावा. त्यानं तुझंच नाव घेऊन विचारलं, "मालक हाईत काय? दोन टायर आलेत. लई रुंद हाईत, टेम्पो घेऊन यायला सांगा." वैनीनं फोन माझ्या हातात दिला आणि आत जाऊन नळ सोडून उगाच उभी राहिली.

असा तू. माझं सगळं ऐकून घेतलंस, मान डोलावलीस, "बघूया की गं" म्हणालास आणि मागच्या मागं ऑर्डर देऊन मोकळा झालास. वर निघून गेलास. आता भांडायचं कुणाशी?

तर ऐक. ते टायर मी बसवले नाहीत. परत पाठवले. हे तुला मीच सांगायला पाहिजे, म्हणून लिहितेय.

इथं सगळे तुझ्याबद्दल चांगलंच बोलतायत. हायवेच्या कडेला गॅरेज असलेल्या माणसाला किती लोक ओळखतात, ते परवा कळलं. कोण कुठले ड्रायव्हर, हुबळीचे, साताऱ्याचे, येतात, तुझ्या फोटोसमोर उभे राहतात, म्हणतात, शांत माणूस, कधी आवाज चढवला नाही. मला ते ऐकवत नाही. हा शांत माणूस कोण? मी ज्याच्याशी दर रविवारी भांडले तो माझा भाऊ हट्टी होता, एक स्क्रू आडवा गेला तर सगळा पॅनेल उघडणारा होता, आणि आपलं चुकतंय असं वाटलं की जास्त जोरात बोलायचा. तो माणूस मला पाहिजे. फोटोतला नको. तू गेलास म्हणून तुझं सगळं बरोबर होतं, असं मी म्हणणार नाही. तसं म्हटलं की तू खरंच गेलास.

गाडी आली तो दिवस आठवतो? पुण्याच्या कुणा हौशी माणसाची ती दोन सीटांची स्पोर्ट्स कार, पुराच्या पाण्यात बसलेली, नंतर कितीतरी वर्षं शेडमध्ये पडून गंजलेली. इंजिन सीटांच्या मागं. उंची एवढी कमी की उभ्या माणसाच्या कमरेला टप लागावा. तू ती ट्रकवर चढवून आणलीस. कोगनोळीच्या नाक्यावर कागद दाखवायला ट्रक थांबला, तर चहाच्या गाड्यावरची सगळी माणसं भोवती जमली. एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं तुला विचारलं होतं, "ह्यात माणसं किती बसत्यात?"

"दोन."

"आणि माल?"

"काय न्हाय."

"मग कशाला आणलासा?"

घरी येईपर्यंत तू हसत होतास. मीही तेच विचारलं, तेव्हा मात्र हसला नाहीस. ट्रकच्या फाळक्यावर बसून म्हणालास, "आजवर दुसऱ्यांचा माल ओढणाऱ्या गाड्या दुरुस्त केल्या, शोभे. तंबाखू, साखर, सिमेंट. एक गाडी अशी पायजे, जी कायबी ओढत न्हाय. नुस्ती जाती."

त्या दिवसापासून माझे रविवार त्या गाडीचे झाले. आठवडाभर बेळगावात उद्यमबागेतल्या कारखान्यात पार्ट तपासायचे आणि रविवारी सकाळी निपाणीला यायचं. तू, मी आणि बसू. बसू तुझ्याकडं कामाला लागला तेव्हा त्याला मिशी फुटली नव्हती, आता त्याचे केस पिकलेत. तिघांनी मिळून ते इंजिन किती वेळा उतरवलं आणि चढवलं. वैनी दाराशी येऊन बघायची, चहाचा ट्रे बाकावर ठेवायची आणि "साकु आता, पुरे, जेवा," म्हणून आत जायची. चिकोडीकडची ती, कन्नड शाळेत शिकलेली. तुझ्यावर वैतागली की तिच्या तोंडात कन्नडच यायचं. गाडीत मात्र एकदाही बसली नाही. तू किती वेळा म्हणालास.

आपलं सगळ्यावर जमलं. रंग मूळचा हिरवाच ठेवायचा, त्यावर जमलं. ब्रेक, स्प्रिंगा, सीट, सगळ्यावर. अडलं ते टायरवर.

टायरच्या अंगावरचा पहिला मोठा आकडा म्हणजे त्याची रुंदी, मिलिमीटरमध्ये. माझं म्हणणं होतं, पुढं दोनशे पाच, मागं दोनशे पंचवीस. इंजिन मागं, वजन मागं, म्हणून मागचे टायर थोडे रुंद पाहिजेतच. पण थोडेच. तू म्हणालास, पुढं दोनशे पाच ठीक, मागं दोनशे पासष्ट. आणि त्याच्याहून मोठा मिळाला तर तो.

"अण्णा, पुढं बारीक आणि मागं जाड म्हणजे काय झालं, ठाऊक हाय काय?"

"काय?"

"ट्रॅक्टर."

बसूच्या हातातला पाना पडला, एवढा तो हसला. तू नाही हसलास. "व्हय, ट्रॅक्टरच," म्हणालास. "ट्रॅक्टरचं शेपूट कधी गर्रकन पुढं आलेलं बघितलंयस काय?"

मग तू हाताचा पंजा गाडीसारखा धरून दाखवलंस. वळणावर पुढची चाकं आधी घसरली तर नाक सरळ जातं. माणूस घाबरून पाय उचलतो, वेग कमी होतो, गाडी पुन्हा वळते. पण मागची चाकं आधी सुटली तर इंजिनाचं सगळं वजन घेऊन शेपूट बाहेर पडतं, आणि मग चालवणाऱ्याच्या हातात काही राहत नाही. ऊस भरलेली ट्रॉली उतारावर ट्रॅक्टरला कशी ढकलते, तशी. म्हणून मागची पकड दांडगी पाहिजे, म्हणालास. एवढी दांडगी की मागचं कधी सुटूच नये.

मी म्हटलं, मागचं एवढं घट्ट धरलं तर नाक वळणारच नाही. स्टेअरिंग फिरवायचं आणि गाडी सरळच चाललेली बघायची. समोर झाड असलं तर? शिवाय गाडी हलकी, आणि आपल्याकडं पाऊस. रुंद टायर पाण्याला कापत नाही, पाण्यावर चढून बसतो. जांबोटीच्या रस्त्यावर पावसाळ्यात घेऊन जा तुझे दोनशे पासष्ट आणि बघ.

"पावसात कोण काढतंय गाडी?"

"मी काढीन."

तू माझ्याकडं बघितलंस तेव्हा तुझ्या डोळ्यांत जे होतं ते मला तेव्हा कळलं नाही.

एका रविवारी आपण ठसेसुद्धा घेतले. तू भंगारातून एक रुंद टायर आणलास, मी माझ्या मापाचा आणला. दोघांना जळकं ऑइल फासलं, पुठ्ठे अंथरले आणि गाडी ढकलत त्यावरून नेली. तुझ्या टायरचा ठसा रुंद आला, पण आखूड. माझा अरुंद आणि लांब. मी पट्टी लावून दाखवलं, हवा तेवढीच, वजन तेवढंच, म्हणून जमिनीला टेकणारी जागाही जवळजवळ तेवढीच. फक्त आकार बदलला. तू कितीतरी वेळ उकिडवा बसून दोन्ही पुठ्ठे बघत राहिलास. मला वाटलं, आता मानलंस. आणि तू उठून हात पुसत म्हणालास, "पर रुंद हाय की."

काय बोलायचं तुझ्यापुढं!

तुझं माझ्या गाड्यांशी हे पहिल्यापासूनच होतं. मला नोकरी लागल्यावर मी जुनी, लहान गाडी घेतली. ती तू तपासून दिलीस. पुढं कित्येक महिने मला कळेना की चढावर ही एवढी का दमते. बेळगावच्या मेकॅनिकनं खाली वाकून बघितलं तर अॅक्सिलरेटरच्या पेडलखाली रबराचा एक जाड तुकडा चिकटवलेला. पेडल पूर्ण दबूच नये म्हणून. मी तो तुकडा उपटला, थेट निपाणीला आले आणि तुझ्या टेबलावर आपटला. तू चहा पीत होतास. म्हणालास, "निघाला व्हय? मला वाटलं, अजून टिकंल."

बसू अजून ती गोष्ट सांगून हसतो. मी तेव्हा हसले नव्हते. तू ड्रायव्हिंग शिकवलेली मी. तंबाखू काढून झाल्यावरच्या मोकळ्या रानात, टेम्पोच्या सीटवर दोन उशा ठेवून तूच शिकवलंस. सगळं गाव बघत होतं आणि तू कुणाकडं बघत नव्हतास. पण तुझा उजवा हात हँडब्रेकवर होता. तो तू कधीच काढला नाहीस.

तू गेलास ते मी बेळगावात असताना. बसूचा फोन आला, "आक्का, लगेच या," एवढंच. नंतर त्यानं सांगितलं की तू कामातून उठलास, जुन्या टायरांच्या थप्पीवर बसलास, त्याला चहा सांग म्हणालास, आणि तो चहा सांगून वळला तर तू तसाच भिंतीला टेकलेला. बस्स. मी संकेश्वर सोडून तवंदीचा घाट उतरले कशी, ते मला आठवत नाही. हिरवी गाडी शेडमध्ये होती, लाकडाच्या ठोकळ्यांवर, चाकांशिवाय. तुला भेटायला आलेल्या लोकांच्या चपला तिच्याभोवती पडल्या होत्या.

आणि मग ते टायर आले.

मी आणि बसू टेम्पो घेऊन गेलो आणि आणले. शेडमध्ये आणून उभे केले तेव्हा कागलचे काका तिथं आलेच होते. बाबा गेल्यापासून ते आपल्या घरचे वडीलधारे, म्हणजे असं त्यांचं त्यांनीच ठरवलेलं. ते वैनीला समजावत होते. गोव्याला एक माणूस आहे, गाडी बघून घ्यायला तयार आहे. तुझी लेक बेंगळुरूला, वैनी एकटी, बायकामाणसांच्या घरात असली गाडी कशाला. टायर बघितल्यावर त्यांचा चेहराच उजळला.

"ह्ये बसवून टाका. गाडी उठून दिसंल. फोटो काढून पाठवूया."

बसू माझ्याकडं बघत होता. त्याला गाडी विकायची नव्हती, पण टायर बसवायचे होते. "आक्का, मालकांनी सवताहून मागवलेत," तो म्हणाला. "त्यांची शेवटची इच्छा हाय."

"व्हय, इच्छा मोडू ने," काका म्हणाले.

"शेवटची इच्छा?" मी म्हटलं. "टायर मागवून अण्णा चहा प्यायला बसलावता, काका. हे शेवटचं हाय, असं त्याला कुठं ठाऊक हुतं? ठाऊक असतं तर त्यानं काय टायर मागितले असते? माझा अण्णा रविवारच्या भांडणात जिंकायला टायर मागवत हुता. त्याला देव करू नका."

 वैनी तोपर्यंत दाराशीच उभी होती. तू गेल्यापासून शेडमध्ये तिनं पाऊल टाकलं नव्हतं. ती आत आली, एका टायरवर हात ठेवला आणि मला म्हणाली, "तुला भ्यायचे ते."

"मला?"

"तुझ्यापायी. 'शोभी वळणावर पाय उचलत न्हाय,' म्हणायचे. 'मी शेजारी बसलोय तवर ठीक. मी नसताना शेपूट फिरलं तर पोरगी काय करंल? म्हणून रुंद लावतो. तिला सांगू नको, लई बडबडंल.'"

बसूनं तोंड फिरवलं. काकांनीसुद्धा उपरण्यानं डोळे टिपले. सगळ्यांना वाटलं, आता मी त्या टायरना मिठी मारून रडणार आणि पाना हातात घेणार.

मला रडू आलं नाही, अण्णा. मला संताप आला.

मी सासर सोडून परत आले तो दिवस मी विसरलेले नाही. हेच काका दोन माणसं घेऊन तुझ्या गॅरेजात आले होते, मला परत पाठव म्हणून सांगायला. तू ट्रकखाली झोपून काम करत होतास. त्यांचं सगळं बोलणं झाल्यावर बाहेर सरकलास, आडवा पडूनच म्हणालास, "ती हितंच ऱ्हाईल. दुसरं काय काम असंल तर बोला." मी आतल्या खोलीत भिंतीला लागून उभी होते. ते वाक्य ऐकून मी भिंत सोडली. पुढं माझा अर्धा राहिलेला डिप्लोमा तू पुरा करून घेतलास, बेळगावात खोली बघून दिलीस, आणि त्याबद्दल एक अक्षर कधी बोलला नाहीस. मीही बोलले नाही. आपल्या घरात असलं काही बोलायची रीतच नव्हती. चहात साखर जास्त घालायची, झालं. आता म्हणते. तू त्या दिवशी तसं म्हणाला नसतास तर मी आज कोण असते, मला माहीत नाही. हे मला तुझ्या कानात सांगायचं होतं आणि मी टायरवर भांडत बसले. राहून गेलं.

पण त्याच तोंडानं हेही सांगते. तू माझ्यासाठी उभा राहिलास, आणि मग तिथून हललाच नाहीस. माझ्या पेडलखाली रबर. माझ्या हँडब्रेकवर हात. मी चाळिशी ओलांडली, कारखान्यात माझ्या सहीशिवाय पार्ट बाहेर जात नाही, आणि तू वैनीला म्हणतोस, "पोरगी काय करंल?" मला का नाही विचारलंस? समोर बसवून म्हणायचं होतंस, "शोभे, मला भ्या वाटतंय." मी त्यावर भांडले असते, पण ऐकलं असतं. तू मला मिलिमीटर सांगत राहिलास आणि भीती वैनीला सांगितलीस.

"बसू," मी म्हटलं, "गाडीबरोबर आलेल्या जुन्या रिम कुठं हाईत?"

"माळ्यावर."

"काढ. ह्ये टायर परत जाणार."

काका उठले. "पोरी, मेलेल्या माणसाच्या मनाविरुद्ध वागतीस. आणि गाडी काय तुझी हाय?"

त्यांना उत्तर द्यायला मी तोंड उघडलं, पण त्याआधी वैनी बोलली. तुला सांगते, अण्णा, तुझ्या समोर ती कधी असं बोलली असेल असं मला वाटत नाही. पदर खोचून, अगदी थंड आवाजात ती म्हणाली, "गाडी तिची न्हाय. माझी हाय. इकायची न्हाय. शोभा चालवंल." काका अजून काही म्हणायला गेले तर हात वर करून म्हणाली, "साकु, काका. चहा घेणार काय?"

काकांनी चहा घेतला नाही.

टायर परत घेताना ट्रान्सपोर्टवाला कुरकुरला. कुरकुरू दे. तू आणलेल्या रुंद रिम बसूनं कापडात गुंडाळून ठेवल्यात, त्या मी टाकलेल्या नाहीत. जुन्या रिम दोन रविवार घासल्या. पुढं दोनशे पाच, मागं दोनशे पंचवीस, बेळगावातून मीच आणले. बसू नट आवळत होता, पण माझ्याशी बोलत नव्हता. त्याला वाटत होतं मी तुला हरवायला निघालेय. शेवटचं चाक झाल्यावर त्यानं पाना पुसला आणि म्हणाला, "मालक असते तर आज जेवले नसते." मी म्हटलं, "जेवला असता. जेवता जेवता भांडला असता." तेव्हा कुठं तो हसला, आणि मग रडला. चाकाला पाठ टेकून बराच वेळ रडला बिचारा.

बाहेर काढायच्या दिवशी मी एकटीच जाणार होते. वैनी चप्पल घालून तयार उभी. "मी बी येतो," म्हणाली, तिच्या चिकोडीकडच्या मराठीत. दार उघडून दिलं तर आत कसं शिरायचं तेच तिला कळेना. आधी बसायचं की आधी पाय घ्यायचा? शेवटी धपकन बसली आणि म्हणाली, "अगं बाई, एवढं खाली? रस्ता पाठीला लागतोय की." आणि मग गाडी हायवेला लागल्यावर कितीतरी वेळ नुसती शेजारून जाणारी ट्रकची चाकं बघत राहिली. तिच्या डोक्याइतकी उंच होती ती. तुझी सारी हयात त्या चाकांखाली गेली, ते ती पहिल्यांदा इतक्या जवळून बघत होती.

बेळगाव ओलांडून आम्ही जांबोटीच्या रस्त्याला लागलो. गणपती होऊन गेले होते, तरी तिकडचा पाऊस हटलेला नव्हता. भातखाचरं काठोकाठ भरलेली, झाडांखाली रस्ता काळा आणि ओला. मी मुद्दामच तो रस्ता धरला होता, हे तुझ्यापासून लपवत नाही. वेग फार नव्हता. पण पायही उचलला नव्हता. आणि काय वळत होती ती! स्टेअरिंग जरा हलवावं आणि नाक तिकडं. मी तुला मोठ्यानं सांगत होते, बघ, बघ, हे वळणं म्हणतात. वैनीला वाटलं मी तिच्याशी बोलतेय. "बघालोय की," ती म्हणाली.

मग ते वळण आलं. डावीकडं जाणारं, उताराचं, आणि मधेच शेतातून फुटलेलं पाणी रस्त्यावर आडवं वाहत होतं. ते मला उशिरा दिसलं. पुढची चाकं पाण्यातून गेली. मागची गेली नाहीत.

शेपूट सुटलं, अण्णा. तू पंजा फिरवून दाखवलं होतंस अगदी तसंच. आधी कमरेला कळलं, मग डोळ्यांना. पाठीमागचं इंजिन उजवीकडं निघालं आणि समोर रस्त्याच्या जागी भातखाचर आलं. वैनीनं "अव्वा!" अशी आईला हाक मारली आणि समोर दोन्ही हात रोवले.

सगळं अंग म्हणत होतं, ब्रेक दाब. मी नाही दाबला. पाय एकदम उचललाही नाही, होता तिथंच धरून ठेवला. शेपूट उजवीकडं जात होतं, तशी पुढची चाकंही उजवीकडं फिरवली, आणि थांबले. ते थांबणं सगळ्यात अवघड होतं. मग मागच्या टायरनी पाण्याखालचं डांबर पकडलं, गाडीनं एक हिसका दिला, मी स्टेअरिंग सरळ केलं आणि आम्ही पुन्हा रस्त्यावर होतो. आपल्याच बाजूला.

पुढं एक जागा बघून गाडी कडेला लावली आणि इंजिन बंद केलं. माझे हात स्टेअरिंगवरच होते. वैनीचा पदर घसरला होता, तो तिनं सावरला.

"झालं?" तिनं विचारलं.

"झालं."

"असंच व्हतंय म्हणून ते भ्यायचे?"

"असंच."

ती मागं वळून त्या वळणाकडं बघत राहिली. मग म्हणाली, "मग धरलीस की तू." आणि माझ्या हातावर आपला हात ठेवला.

तेव्हा मी रडले. तुझे दिवस घालताना नाही, टायर आले तेव्हा नाही, तिथं रडले, जांबोटीच्या रस्त्याच्या कडेला, दाराच्या काचा खाली घेऊन. एक गुराखी छत्री धरून जाता जाता थांबला. त्यानं विचारलं, गाडी बंद पडली काय. वैनी म्हणाली, "न्हाय, चांगली चालती."

म्हणून सांगते. टायरचं तुझं बोलणं खोटं नव्हतं. शेपूट सुटतं, आणि सुटलं की क्षण लागत नाही. माझ्याबद्दलचं मात्र तुझं साफ चुकलं. पोरगी काय करंल, म्हणालास ना? हे केलं. तुझ्या रुंद टायरशिवाय, हँडब्रेकवर तुझा हात नसताना केलं. तू शेजारी असतास तर कदाचित जमलंही नसतं, कारण तू ओरडला असतास.

परत येताना सबंध वाट मी त्या हिसक्याचा विचार करत होते. कुठं सुटलं, किती सुटलं, किती उशिरा पकडलं. हे टायर झिजले की मागं एक माप वर जाईन. दोनशे पस्तीस. त्याच रिमवर बसतात, बसूला विचारलंय. तू सांगितलंस म्हणून नव्हे, माझ्या हाताला कळलं म्हणून.

दोनशे पासष्टचं मात्र नावसुद्धा काढू नकोस.

तुझी,
शोभा